उलटा बसवलेला नळ

ही गोष्ट नऊ वर्षं माझ्यापाशीच आहे. बायकोला सांगितली नाही, सख्ख्या भावाला सांगितली नाही. देवासमोर हात जोडतानासुद्धा हिच्या आजूबाजूनं फिरून परत आलो. आज लिहायला बसलो तर पहिल्याच ओळीत हात अडकला — कुठून धरायची ही? नळापासून धरतो. नळाचं मला कळतं.

मी मूळचा फ्रीज-एसीचा मेकॅनिक. पुढे मिहानमधल्या एका कंपनीत मेंटेनन्सला लागलो आणि तिथूनच निवृत्त झालो. आयुष्यभर तांब्याच्या नळ्या कापल्या, वाकवल्या, जोडल्या. सक्करदऱ्याला घर बांधलं तेव्हा गच्चीवर सोलर हीटर बसवला आणि तिथून बाथरूमपर्यंत पाण्याची लाइन हौसेनं तांब्याची टाकली. प्लंबर म्हणत होता, प्लास्टिकची टाका, सगळे तेच टाकतात. मी त्याला हसलो होतो. खरं सांगू? मला माझ्या हातांचा गर्व होता. दुसऱ्या कशाचा करावा असं माझ्याजवळ फारसं काही नव्हतंच.

घरात आम्ही तिघं. मी, माझी बायको सुनंदा — ती शाळेत शिक्षिका — आणि तिची आई. सासरे वारल्यावर सासूबाई उमरेडहून आमच्याकडे आल्या. मीही त्यांना आईच म्हणायचो. त्यांचं माहेर-सासर दोन्ही विणकरांचं. लग्न होऊन आल्या तेव्हापासून मागावर बसलेल्या. साडीच्या काठाची नक्षी कुठे लिहून ठेवायची नाही. कोणत्या ओळीला किती धागे उचलायचे ते सगळं त्यांच्या डोक्यात. माग बंद होऊन वर्षं झाली तरी विचारलं की धडाधड सांगायच्या. सगळ्या नातेवाइकांचे फोन नंबर तोंडपाठ. सुनंदा चष्मा कुठे ठेवला म्हणून घर डोक्यावर घ्यायची आणि आई जागेवरून न उठता सांगायच्या, ‘फ्रीजवर पाह्य वं, दह्याच्या डब्याजवळ.’ महिन्या-दोन महिन्यांनी एकट्या बसनं उमरेडला बहिणीकडे जायच्या. सत्तरी उलटली होती, पण सोबत कोणी येतो म्हटलं तर त्यांना राग यायचा.

हे सगळं मी का सांगतोय? — कारण पुढे जे मोडलं ते नेमकं हेच होतं.

दिवाळीनंतरचे दिवस. शॉवरचा जुना नळ जाम झाला होता. मी बाजारातून नवीन आणला — एकाच मुठीचा. मूठ लाल खुणेकडे फिरवली की गरम पाणी, निळ्या खुणेकडे फिरवली की गार. त्याचा पितळी सांगाडा भिंतीच्या आत बसतो आणि त्याला दोन्ही बाजूंनी तांब्याच्या नळ्या झाळाव्या लागतात. सुनंदा म्हणाली, ‘कोणाले तरी बोलवा ना.’ मी म्हटलं, ‘कायले? मी काय मेलो का?’

दोन दिवस लागले. टाइल फोडली, जुना नळ कापून काढला. नळ्यांची टोकं पॉलिश पेपरनं घासून लख्ख केली, झाळ नीट धरावी म्हणून फ्लक्स लावला. आतले रबर जळू नयेत म्हणून नव्या नळाचं मधलं यंत्र काढून बाजूला ठेवलं आणि रिकामा सांगाडा भिंतीत धरून झाळायची गॅसची टॉर्च पेटवली. तांबं तापलं की रंग बदलतं. त्या क्षणी झाळायची तार नुसती टेकवायची — ती वितळून आपोआप सांध्यात ओढली जाते. ते बघताना मला अजूनही आनंद होतो. किती विचित्र आहे पाहा, एवढं सगळं होऊनही होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई बघायला आल्या. भिंत अजून उघडी होती. त्यांनी सगळ्या सांध्यांवरून बोट फिरवलं. तुटलेला धागा जोडला की त्या तसंच बोट फिरवून बघत असतील. मग म्हणाल्या, ‘जवाईबापू, जोड कुठी आहे थे दिसूनच नाई राहिलं.’

त्या कोणाचं सहसा कौतुक करत नसत. माझं तर अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा केलं.

संध्याकाळी टाइल बसवून झाली. आई आणि सुनंदा देवळात गेल्या होत्या. मी पाणी सुरू करून पाहिलं. मूठ निळ्याकडे फिरवली — हात पोळला. लालकडे फिरवली — गार. मी पुन्हा करून पाहिलं. पुन्हा तेच. मग उमगलं. सांगाडा उलटा झाळला गेला होता, वरची बाजू खाली. त्यावरची खूण टॉर्चच्या काजळीत दिसली नव्हती.

भिंत फोडायची गरज नव्हती. मधलं यंत्र काढून अर्धा फेरा फिरवून बसवलं की झालं, पंधरा मिनिटांचं काम. पण मी दमलो होतो. म्हटलं, सकाळी करू. एवढ्यात त्या दोघी परत आल्या. आईंनी विचारलं, ‘झालं का चालू?’

मी म्हटलं, ‘हो आई, एकदम मस्त.’

इथं थांबतो थोडं. — एक वाक्य बोलायचं होतं. ‘नळ उलटा लागलाय, सकाळपर्यंत हात लावू नका.’ एवढंच. पण दुपारचं ते कौतुक अजून कानात होतं, आणि त्यांनाच मला सांगायचं नव्हतं की तुमच्या जावयानं नळ उलटा बसवला. आई घरात सगळ्यांच्या आधी उठून आंघोळ करतात हे मला माहीत होतं. दोन दिवस लाइन बंद म्हणजे वरचं पाणी वापरलं गेलेलं नाही, तापून तापून नुसतं कढत झालंय, हेही माहीत होतं. मेकॅनिकलाच कळणार ना ते? मी म्हटलं, आपण त्यांच्याही आधी उठू.

उठलो नाही. त्यांच्या किंचाळण्यानं जाग आली.

उजवा खांदा, दंड आणि छातीचा थोडा भाग. त्यांनी शहाण्या माणसासारखं आधी मूठ पूर्ण निळ्याकडे नेली होती, म्हणजे गारपासून हळूहळू गरम करता येईल. आणि मग पाणी सोडलं होतं. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं. आई कण्हत होत्या तरी स्पष्ट बोलल्या, ‘मी निळ्याकडंच फिरवला होता.’ सुनंदानं माझ्याकडे पाहिलं. डॉक्टरांनीही पाहिलं.

मी म्हटलं, ‘नवीन नळ आहे डॉक्टर. घाईत लालकडे फिरला असेल.’

ते वाक्य माझ्या तोंडून इतकं सहज कसं निघालं, हे मला अजून कळलेलं नाही.

त्यांना चार दिवस ठेवून घेतलं. पहिल्याच दिवशी कपडे आणायला म्हणून मी घरी आलो, दार लावून घेतलं, स्क्रू काढला, यंत्र अर्धा फेरा फिरवून बसवलं. लाल गरम, निळा गार. फरशी पुसली. मग पातळं आणि टॉवेल पिशवीत भरून परत गेलो. सुनंदानं विचारलं, ‘एवढा वेळ?’ मी म्हटलं, ‘रेशीमबागेच्या चौकात गर्दी होती.’

आई घरी आल्या त्या दिवशी पलंगावर टेकल्याही नाहीत, सरळ बाथरूममध्ये गेल्या. मी मागे उभा. डाव्या हातानं त्यांनी मूठ निळ्याकडे नेली, लांबूनच पाणी सोडलं, आणि बोटाचं टोक लावलं. गार. लालकडे नेली. गरम. पुन्हा निळ्याकडे. किती वेळा केलं असेल — मी मोजलं नाही. मग मुठीकडे नुसत्या बघत राहिल्या.

‘तवा त निळ्यातून आलं होतं,’ त्या म्हणाल्या.

मी अगदी मऊ आवाजात म्हटलं, ‘आई, होते असं. वय झालं आता तुमचं.’

‘हं,’ त्या म्हणाल्या. ‘मीच चुकली असन मंग.’

रागावून बोललो असतो तर त्या भांडल्या असत्या. भांडायला त्या भीत नव्हत्या. मी प्रेमानं बोललो, म्हणून त्यांनी मानलं. हे कळायला मला फार दिवस लागले नाहीत, आणि कळूनही मी काही केलं नाही.

जखम दीड महिन्यात भरली. पण आई गॅस बंद केला का हे तीन-तीनदा उठून बघायला लागल्या. फोन नंबर विचारला तर सांगायच्या आणि वर म्हणायच्या, ‘पाहून घे वं एकदा, माया भरोसा नाही.’ नंबर बरोबरच असायचा. उमरेडला एकटं जाणं बंद झालं. सुनंदा म्हणाली, मी नेऊन सोडते, तर म्हणाल्या, ‘राहू दे. तिथं गेल्यावर काही भुलली त बहिणीले तरास.’ बहीणच दोनदा येऊन गेली, मग तिचेही गुडघे धरले. आंघोळीला दार लोटून घ्यायचं, कडी लावायची नाही आणि सुनंदानं बाहेर उभं राहायचं, असा नेम झाला. सुनंदा सगळ्यांना सांगायची, आईचं डोकं त्या भाजण्यापासून कमी झालं. मी शेजारी बसून मान हलवायचो.

दोन वर्षांनी एकदा, सुनंदा शाळेत गेली होती. मी रजेवर. आई गॅलरीत तुरीच्या शेंगा सोलत होत्या, मी पेपर वाचत होतो. त्या मान वर न करता म्हणाल्या, ‘बापू, एक इचारू का? राग त नाही येनार?’

‘विचारा ना आई.’

‘मी दवाखान्यात होती तवा — त्या नळाले हात त नव्हता लावला ना तुम्ही?’

पाहा, दोन वर्षं त्या बाईनं ते धरून ठेवलं होतं. डोकं गेलेलं माणूस असं करतं का? त्यांना जवळजवळ सगळं कळलं होतं. फक्त माझ्या तोंडून एक ‘हो’ हवा होता. घरात दुसरं कोणी नव्हतं. मी ‘हो’ म्हटलं असतं तर त्यांनी सुनंदालाही कदाचित सांगितलं नसतं.

मी म्हटलं, ‘नाही आई. कायले लावू?’

‘नाही, म्हटलं इचाराव.’ त्यांनी पुढची शेंग उचलली.

त्यानंतर त्यांनी कधीच विचारलं नाही. पुढे तीन वर्षं जगल्या. शेवटच्या वर्षात त्या खरोखरच काही गोष्टी विसरायला लागल्या होत्या — ते वयानं झालं की त्यांनी स्वतःवरचा विश्वास सोडून दिल्यानं, मला ठाऊक नाही. डॉक्टरलाही सांगता आलं नसतं. गेल्या तेव्हा मीही खांदा दिला. लोक म्हणाले, जावई असावा तर असा.

मग आताच का लिहितोय?

सुनंदा यंदा सत्तावन्नची झाली. गेले काही महिने तिचं काही ना काही राहतं. एकदा दूध उतू गेलं, एकदा शाळेच्या कपाटाची किल्ली घरी विसरली. मलाही होतं तसं, सगळ्यांनाच होतं. पण ती घाबरली. एक वही केली आहे, त्यात रोज काय विसरलं ते लिहिते. एक दिवस मला म्हणाली, ‘आईसारखंच होऊन राहिलं मले. हे घराण्यातच आहे आमच्या.’ मी म्हटलं, ‘काही नाही होत तुला.’ ती म्हणाली, ‘तुम्हाले काय माहीत?’

मागच्या आठवड्यात आम्ही डॉक्टरकडे गेलो. बाहेर बाकावर बसून फॉर्म भरायचा होता. तिनं पेन माझ्या हातात दिलं, म्हणाली, तुमचं अक्षर चांगलं आहे. नाव, वय, आधीचे आजार. मग एक प्रश्न होता — घरात कोणाला विस्मरणाचा त्रास होता का? कोणाला, कोणत्या वयापासून?

‘लिहा,’ सुनंदा म्हणाली. ‘आई. बहात्तराव्या वर्षापासून.’

पेन कागदावर टेकलेलं होतं. ती माझ्या खांद्याला खांदा लावून बसली होती आणि माझा हात लिहितो का ते बघत होती.

मी लिहिलं. नीट, वळणदार अक्षरात लिहिलं — आई, बहात्तराव्या वर्षापासून.

तपासणी परवा आहे. डॉक्टर तो फॉर्म समोर ठेवतील आणि त्यावरून तिला काय ते सांगतील. म्हणून हे कागद. यातलं एकही वाक्य मी तिच्यासमोर तोंडानं बोलू शकणार नाही, आजवर किती वेळा तोंड उघडून मिटलं ते मलाच माहीत. आत्ता ती स्वयंपाकघरात मेथी निवडते आहे, रेडिओ चालू आहे. शेवटची ओळ लिहून झाली की मी उठणार आणि कागद तिच्यासमोर ओट्यावर ठेवणार. तुमच्या हाती हे कधी आलंच, तर समजा की तिनं आधी वाचलेलं आहे. ती काय म्हणेल याचा अंदाज मी करत नाही. तो करायचा हक्क मला नाही.

शेवटची ओळ अशी. सुनंदा, तुझ्या आईचं डोकं शाबूत होतं. नळ मी उलटा बसवला होता, मला ते आदल्या संध्याकाळी माहीत होतं, आणि त्यांनी विचारलं तेव्हा मी खोटं बोललो.