पहिला भाव नामंजूर

माझ्या मामेसासऱ्यांनी उभ्या आयुष्यात कुठल्याही गोष्टीचा पहिला सांगितलेला भाव मान्य केला नाही. माणसाचा नाही आणि देवाचाही नाही. मामेसासरे म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा. मुरबाडच्या अलीकडे एका खेड्यात त्यांची थोडी भातशेती होती, आणि धंदा होता बैलांच्या दलालीचा. पण बैल हे नुसतं निमित्त. एसटीत बसायला जागा मिळाली नाही की "उभ्यानं जायाचं, मंग पैसं बसायचं कशापायी?" असं कंडक्टरला विचारून ते अख्खी गाडी खोळंबून ठेवत. दातांच्या डॉक्टरांनी दोन दाढा काढाव्या लागतील म्हटलं, तर "आज एक काढा, दुसरीचं दिवाळीनंतर बघू" म्हणून सुजलेल्या गालानं पण विजयी मुद्रेनं परत आले. आमच्या लग्नात ऊन चढायला लागलं तेव्हा त्यांनी भटजींना मांडवाच्या कोपऱ्यात नेऊन मंगलाष्टकं आठावरून पाचावर आणायला सांगितली. भटजी सहावर अडून बसले. शेवटी साडेपाचावर तोड निघाली आणि आमचं शेवटचं मंगलाष्टक दोनच ओळींचं झालं. आपलं लग्न पुरतं लागलेलंच नाही, याची आठवण माझी बायको भांडणात अजूनही करून देते. मामी एकदा तापानं अंथरुणाला खिळल्या, तेव्हा मामांनी देवाला बोकड कबूल केला. ताप उतरायला लागल्यावर ते कोंबड्यावर आले, आणि मामी चुलीपाशी उभ्या राहिल्या त्या दिवशी नारळावर. मी हसलो, तर गंभीरपणे म्हणाले, "जावईबापू, देवालाबी म्हायती हाय. पयला भाव कदी खरा नसतो."

आमच्या भागात हिवाळ्यात म्हसा गावी म्हशाची जत्रा भरते. तिथला गुरांचा बाजार म्हणजे मामांची राजधानी. त्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. घेणारा आणि दलाल एकमेकांचा हात धरतात, हातांवर टॉवेल टाकतात आणि टॉवेलाखाली बोटं दाबून रक्कम सांगतात. वरून बघणाऱ्याला दिसतात फक्त दोन चेहरे: एक दुखावलेला आणि दुसरा त्याहून दुखावलेला. मामांचा चेहरा यासाठीच घडवलेला होता. समोरच्यानं कमी भावाचं बोट दाबलं की ते असे काही डोळे मिटत, की जणू घरून कुणी गेल्याची तार आली आहे. म्हाताऱ्या बैलाला ते 'अनुभवी' म्हणत आणि मारक्याला 'स्वाभिमानी'. लंगड्या बैलाबद्दल "विचार करून पाय टाकतो" असं म्हणताना मी त्यांना स्वतःच्या कानांनी ऐकलं आहे.

मी तेव्हा शहापूरच्या शाळेत मास्तर होतो. नव्वद सालानंतरची गोष्ट. खर्डीच्या पुढे, रस्त्यापासून आत, एका संस्थेनं कौलारू घर घेऊन तिथं एक वेगळंच काम सुरू केलं होतं. ज्या मुलांच्या आजारावर मुंबईच्या मोठ्या इस्पितळांनीही हात टेकले आहेत, अशा मुलांना तिथं ठेवत. औषध असे ते दुखणं कमी करायचं. बाकी खेळणं, गोष्टी, आवडीचं खाणं, आणि आईला शेजारी झोपायला जागा. एक मध्यमवयीन डॉक्टरीणबाई ते घर सांभाळत. आसपासच्या वाड्यांतली माणसं मात्र त्या घरावरून जाताना रस्ता बदलत. तिथं पोरं मरतात, सावलीसुद्धा नको, असं बायाबापड्या कुजबुजत. डॉक्टरीणबाईंना मुलांच्या दुधासाठी म्हैस हवी होती. त्यांनी मला विचारलं आणि मी मामांना घेऊन गेलो.

मामांनी म्हशीचं वर्णन सुरू केलं. ते तिच्या आजीपर्यंत पोचायच्या आत बाईंनी विचारलं, "किती द्यायचे?" मामांनी सवयीनं अव्वाच्या सव्वा आकडा सांगितला. "बरं," म्हणाल्या आणि आत जाऊन पैसे घेऊन आल्या.

 त्या रात्री मामांचा आमच्याकडे मुक्काम होता, पण ते जेवले नाहीत. बायकोनं काळजीनं विचारलं, तर म्हणाले, "माजा अपमान झालाय गो पोरी. बाईनं भावच केला नाय. म्हंजे मना काय चोर समजली का भिकारी?" सकाळी उठून मला ओढतच पुन्हा खर्डीला नेलं. दारात उभं राहून म्हणाले, "बाय, काल तू चुकलीस. असं कोनी घेतं का? म्हन, एवढे नाय देनार."

बाई गोंधळल्या. "पण मी तर दिलेत."

"ते जाऊ दे. म्हन तू!"

बाईंना जमेना. तेव्हा मामांनी स्वतःच दोन्ही बाजू घेतल्या. आधी ते बाईंच्या वतीनं मामांवर ओरडले, मग मामांच्या वतीनं बाईंवर. मध्येच स्वतःवरच रागावून ओटा उतरून चालते झाले, स्वतःच स्वतःला हाक मारून परत बोलावलं, आणि शेवटी घामाघूम होऊन म्हशीचा भाव निम्म्याच्या जवळपास खाली आणून उरलेले पैसे बाईंच्या हातात कोंबले. त्यांच्या तोंडावर असं समाधान मी बैलजोडी विकल्यावरही पाहिलं नव्हतं.

खिडकीतून कुणीतरी खिदळलं. "आजोबा, तुमी हारलात!"

ती जयू. सिद्धगडाच्या पायथ्याच्या एका वाडीतली, दहा-अकरा वर्षांची, काडीसारखी पोर. हाडांचा आजार होता. एक पाय गेला होता आणि आजार पुढे सरकत होता. तोंड मात्र शाबूत होतं. मामा खिडकीपाशी गेले. "हारलो नाय. मीच जिंकलो नि मीच हारलो."

"मंग मधल्या मधी दलाली कोन देनार तुमाला?" जयूनं विचारलं.

 त्या दिवसापासून मामा त्या घराचे झाले. वाणी, रिक्षावाला, कौलं शाकारणारा, सगळ्यांशी भाव करायला मामा. औषधांच्या दुकानदारानं "याच्यावर छापील किंमत आहे" असं सांगितलं, तर "छापनाऱ्याला बोलाव" म्हणून तिथंच पायरीवर बसून राहिले. आणि जयू त्यांची शिष्या. टॉवेलाखालची बोटांची भाषा ती महिन्याभरात शिकली आणि तिनं ती गुरूवरच चालवायला सुरुवात केली. एक चमचा औषध घेईन, पण त्याबदल्यात बैलासारखं हंबरायचं. मामा एकदा म्हणत, जयू चारदा, आणि टॉवेलाखाली बोटं दाबून सौदा तीनवर पटे. एकदा मी गेलो तर दोन तालुक्यांतला नामांकित दलाल खोलीत रांगत होता आणि पाच-सहा पोरं पलंगांवरून त्याचे दात तपासत होती. जयूनं निकाल दिला, "नको रे घेऊ. म्हातारा हाय."

"अनुभवी म्हनतात त्याला," मामा खालून म्हणाले.

एका पावसाळ्याच्या शेवटी मुंबईतून येणारी मदत थांबली. डॉक्टरीणबाईंनी आम्हाला बोलावून सांगितलं की असंच राहिलं तर हिवाळा सरता सरता घर बंद करावं लागेल, मुलांना आपापल्या घरी पाठवावं लागेल. जयूचं घर म्हणजे डांबरी रस्ता संपल्यावर डोंगरातली पायवाट. दुखणं थांबवणारं औषध तिथं पोचणार नव्हतं, आणि ते नसेल तेव्हा काय होतं हे मामांनी पाहिलं होतं. ते उठले आणि गावोगाव फिरले. मागायला त्यांना लाज कधीच नव्हती. पण या वेळी हात हलवत परत येऊ लागले. एका भातगिरणीच्या मालकानं त्यांना चहा पाजून सांगितलं, "मामा, बरी होनारी असती तर दिलं असतं. फुटक्या मडक्यात पानी कशाला वतायचं?" मामा हे आमच्या ओट्यावर बसून सांगत होते. "मना वाईट वाटलं ते त्याचं नाय, जावईबापू. मना जवाब सुचला नाय त्याचं."

जत्रा जवळ आली तशी जयूनं हट्ट धरला: म्हशाला जायचं. तिचं बघून बाकीच्यांनीही. बाईंनी आधी नाही म्हटलं, मग मामांना बाजूला घेतलं. "मामा, एक सांगते. मुलांना दाखवून कुणाकडे काही मागायचं नाही. ती जत्रा बघायला जातील, जत्रेत दाखवायला नाही."

मामा दुखावले, या खेपेला खरोखरच. "बाय, मी बैल इकतो. नातवंडं नाय इकत."

टेम्पोत भाताचा पेंढा, त्यावर गाद्या, अशी वरात म्हशाला निघाली. पोरांनी भजी खाल्ली, पाळण्यात बसली, एकानं घोंगड्यांच्या दुकानात सगळी घोंगडी उलगडायला लावून एकही आवडत नसल्याचं सांगितलं. जयू मामांच्या मांडीवर, बैलांच्या रांगेत. तिथं घाटावरचा एक व्यापारी आला. गलमिश्या, डोक्याला पटका. मामांनी टॉवेल टाकला, तर जयू म्हणाली, "मी करते." व्यापाऱ्यानं हसून हात पुढे केला. त्याचं हसू हळूहळू मावळत गेलेलं आम्ही सगळ्यांनी पाहिलं. पोरीनं मामांसारखेच डोळे मिटून घेतले, सुस्कारा सोडला, मान फिरवली. शेवटी व्यापारी म्हणाला, "बास गं माय, घेतली जोडी," आणि भोवतीच्या गर्दीत हशा पिकला. कुणी जिलेबी आणून दिली, कुणी फुगा.

मामा पोरांच्या आयांकडे जयूला सोपवून परत आले तेव्हा व्यापाऱ्यानं विचारलं, "नात का? पायाला काय झालं?"

मामांनी सांगितलं. घर काय आहे, तिथं काय करतात, तेवढंच. मागितलं काही नाही. दिलेला शब्द होता.

व्यापारी थोडा वेळ बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. मग म्हणाला, "टॉवेल टाका." मामांना वाटलं, सौदा मोडतो आहे. त्यांनी टॉवेल टाकला. व्यापाऱ्यानं हात धरला आणि बोटं दाबली, बैलांसाठी नव्हे, त्या घरासाठी. मामांचा चेहरा पालटला. त्यांच्या डोळ्यांना धारा लागल्या, आणि तशाच ओल्या चेहऱ्यानं त्यांनी नकारार्थी मान हलवली: वर चढ. व्यापारी चढला. पुन्हा मान हलली. बघ्यांपैकी एकानं विचारलं, काय चाललंय? दुसऱ्यानं त्याला सांगितलं. मग तोही पुढे आला. मग आणखी एक. संध्याकाळपर्यंत त्या टॉवेलाखाली ठरलेली रक्कम सरकवून किती हात येऊन गेले कोण जाणे. भातगिरणीचा मालकही आला. कुणाकडे न बघता हात आत घातला आणि तसाच निघून गेला. मामा रडत होते आणि भाव वाढवत होते. कुणी काय दिलं हे त्यांनी कधीच कुणाला सांगितलं नाही, मामींनाही नाही. ज्यानं कमी दिलं त्याची मान खाली गेली नाही आणि ज्यानं जास्त दिलं त्याची वर झाली नाही. बाईंना मात्र रात्री घरी पोचल्यावर दटावून म्हणाले, "मी मागितलं नाय हां. लोकांनी दिलं, ते मी नुसतं नाय म्हनत गेलो."

घर बंद झालं नाही. जयू त्या उन्हाळ्याच्या अखेरीस गेली. त्याच घरात, आईच्या कुशीत, फारसं न दुखता. शेवटच्या आठवड्यात मामा देवळात जाऊन आले होते. काय बोलले ते मी विचारलं नाही. पण मामींनी सांगितलं की या खेपेला त्यांनी गोठाच्या गोठा कबूल केला होता आणि त्यातला एक खुरसुद्धा मागे घेतला नव्हता. नंतर बरेच दिवस ते ओट्यावर नुसते बसून असायचे. मामी फार बोलणाऱ्या नव्हत्या. एका सकाळी त्यांनी पेंढ्याचा भारा बांधून त्यांच्यापुढे आणून टाकला. "खर्डीची म्हस उपाशी हाय," म्हणाल्या. "तिनं कुनाचं काय केलंय?" मामा उठले, भारा उचलला आणि एसटीच्या थांब्याकडे गेले. भाऱ्याच्या तिकिटावरून गाडी पुन्हा खोळंबली, असं पुढे कानावर आलं, आणि आम्हाला हायसं वाटलं.

मामा जाऊनही आता बरीच वर्षं झाली. त्यांच्या गोष्टी सांगून आम्ही आजही हसतो. पण मला एकटा असताना आठवते ती त्यांच्या शेवटच्या वर्षांतली एक दुपार. त्यांना ऐकू कमी यायचं, तरी आठवड्यातून एकदा कुणीतरी त्यांना खर्डीला पोचवायचं आणि ते त्या घराच्या ओट्यावर बाकावर बसून राहायचे. मी त्यांना न्यायला गेलो होतो. एक तरुण बाई, काखेत गाठोडं, कडेवर चारेक वर्षांचं पेंगुळलेलं पोर, अंगणात येऊन थबकली होती. आत जावं की मागं फिरावं, असं चाललं होतं तिचं. मामा दिसले तशी जवळ आली आणि विचारलं, "आजा, हितं माझा पोर बरा होल का?"

मला वाटलं, मामांना ऐकू गेलं नसावं. ते त्या पोराच्या तोंडाकडे बघत होते.

"नाय गो बाय," ते म्हणाले. "पन हितं त्याला दुखू देनार नाय. आन तुला एकटी सोडनार नाय."

ती तशीच उभी राहिली. वाऱ्यानं अंगणातली सागाची पानं खरखरत इकडून तिकडं गेली. मग तिनं गाठोडं खाली ठेवलं, आणि मामा बाकावर जरासे सरकले.