डावीकडचा अर्धा रस्ता

“आरसा बदललाय तुमी,” आण्णा म्हणाले. अजून गाडीतून उतरलेही नव्हते. “गेल्या हप्त्यात कार्बोरेटर साफ करायला गाडी दिली, तवाच काढला असनार. ह्यो माझा न्हाय.”

विश्रांतवाडीत माझं गॅरेज आहे. जुन्या गाड्यांचंच काम करतो. तीस वर्षांत उशिराबद्दल भरपूर ऐकून घेतलंय, पण चोर कुणी म्हटलं नव्हतं.

आण्णा हडपसरचे. पूर्वी शेती होती, आता शेतात इमारती आहेत. त्यांच्या वडिलांनी घेतलेली गाडी त्यांनी जपून ठेवलेली. जुने पुणेकर जिला ‘डुक्कर’ म्हणायचे ती, गोलमटोल, चार दारांची. तिला मुळात बाजूचे आरसेच नव्हते. तेव्हा रस्त्यावर मागून येणार तरी कोण होतं! पण नातीला रोज संध्याकाळी क्लासला याच गाडीतून सोडायचं, असं आण्णांनी ठरवलं. म्हणून दोन महिन्यांपूर्वी आरसे लावायला माझ्याकडे आले होते.

हे काम वाटतं तेवढं सोपं नसतं. मडगार्डवर आरसा छान दिसतो, पण लांब पडतो आणि त्यातलं सगळं बारीक दिसतं. दारावर लावला तर जवळ येतो, पण पुढच्या तिकोनी काचेची पट्टी मध्ये येऊ शकते. शिवाय जुन्या पत्र्याला एकदा भोक पाडलं की पाडलं. म्हणून मी आधी आरसा चिकटपट्टीने नुसता अडकवतो आणि गाडी चालवणाऱ्यालाच सीटवर बसवतो. आण्णांना तासभर बसवलं होतं. दोन बोटं पुढे, एक बोट खाली, असं करत जागा ठरली. डावीकडे फुगीर काच घेतली. तिच्यात जास्त रस्ता मावतो. “झ्याक दिसतंय,” असं आण्णा म्हणाले, तेव्हाच ड्रिल हातात घेतलं.

आणि आता म्हणे आरसा बदलला.

“बदलला कशावरून?” मी विचारलं.

“अर्धाच दिसतोय. डाव्या अंगाला कायच न्हाय.”

मी सीटवर बसलो. मागचं फाटक, रस्ता, रिक्षावाला, सगळं दिसत होतं. आरसा उतरवला. प्रत्येक आरशाच्या मागे मी पंचने दोन ठिपके मारतो. ते दाखवले.

“ठिपके कुनीबी मारंल,” आण्णा म्हणाले.

तेवढ्यात माझं लक्ष डाव्या दाराकडे गेलं. ताजी घासट होती, वीतभर लांब ओरखडा. विचारलं, तर “पार्किंगमधी कुनीतरी घासली” म्हणाले. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. गाडी ठोकली आहे, घरी सांगायची सोय नाही, म्हणून आरसा वाईट ठरवायचा. वाद नको म्हणून मी दुसरी काच बसवून दिली. पण त्याआधी आरशाचे, दाराचे, घासटीचे फोटो काढून ठेवले. आण्णांनी मला फोटो काढताना पाहिलं.

चार दिवसांनी परत आले. दाराला दुसरी घासट. या वेळी त्यांच्या पत्नी सुमनकाकू सोबत होत्या, मागच्या सीटवर बसलेल्या.

“हाबी तसलाच,” आण्णा म्हणाले. “आन आता उजवाबी अर्धाच झालाय.”

आता माझं डोकं फिरलं. म्हटलं, साक्षीदार आहे, होऊन जाऊ दे. “आण्णा, गाडीत बसा. आरशात बघू नका. समोर भिंतीवर कॅलेंडर आहे, नजर तिथेच ठेवा. काकू मागून डाव्या बाजूने चालत येतील. डोळ्याच्या कोपऱ्यात दिसल्या की हॉर्न द्या. तिथून मागचं सगळं आरशाने दाखवायचं असतं. आरसा खोटा की खरा, आत्ता कळेल.”

काकू निघाल्या. मागचं दार गेलं. पुढचं दार गेलं. हॉर्न नाही. मला वाटलं, मुद्दाम करतायत. काकू हेडलाइटपाशी आल्या. हॉर्न नाही. मी खूण केली तशा त्या बॉनेटच्या पुढून वळल्या, आणि जवळजवळ आण्णांच्या समोर आल्या तेव्हा हॉर्न वाजला. आण्णा दचकले होते.

“ही कुठनं आली?”

मग आमच्या दोघांकडे बघून म्हणाले, “मिळून करताय व्हय रं हे?”

मी खिडकीशी गेलो. “समोरच बघा आण्णा. डावीकडे मी किती बोटं धरलीत?”

“बोटं? हातच कुठं धरलाय तुमी?”

तीन बोटं धरली होती मी. खाली घ्यायचं सुचेना.

काकू हळूच म्हणाल्या, “आठ दिस झालं शेखभाई, ताटातली डावीकडची चटनी तशीच ऱ्हाती. म्हनत्यात, वाढलीच न्हाय. मला वाटलं, माझ्यावर राग काढत्यात.” मग त्यांनी आत हात घालून किल्ली काढून घेतली. आण्णांनी अडवलं नाही.

मी डॉक्टर नाही. पण हे काम पान्याचं नाही एवढं कळत होतं. गॅरेज बंद केलं आणि त्याच गाडीतून दोघांना खडकीला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी तपासून सांगितलं, डोळे ठणठणीत आहेत. मेंदूतला रक्तपुरवठा कुठेतरी अडकलेला दिसतोय, आत्ताच्या आत्ता मोठ्या हॉस्पिटलात जा. तिथे स्कॅनमध्ये सापडलं. झटका येऊन गेला होता. दुखलं नाही, खुपलं नाही, फक्त दोन्ही डोळ्यांची डावी बाजू गेली. रोज संध्याकाळी नात आण्णांच्या डाव्या हाताला बसत होती.

आण्णा वाचले. नजर थोडी परत आली, गाडी चालवण्याइतकी नाही. महिन्याभराने मी भेटायला गेलो तेव्हा त्यांनी मला उजव्या हाताला बसवलं. मग म्हणाले, “चोर म्हनलो तुमाला.”

“मीही तुम्हाला लबाड समजत होतो.”

“मग फिटलं,” म्हणाले, आणि काकूंना चहा टाकायला सांगितला.

गाडी आता सूनबाई चालवते. तिची उंची कमी, त्यामुळे आरशांखाली पाचर घालून कोन बदलून दिला. नवीन भोकं पाडली नाहीत.

हल्ली आरसे लावायला कुणी आलं की मी आधी त्याच्यासमोर उभा राहतो, दोन्ही हात बाजूला पसरतो आणि किती बोटं हलतात ते विचारतो. काही जण चिडतात. आरसा लावायचाय की चष्मा, म्हणतात. मी म्हणतो, आधी बोटं मोजा.