पिवळ्या पट्टीपाशी थांबणाऱ्या सुमनताई

आलेली फाईल उघडण्याआधी सुमनताई पाठवणाऱ्याला फोन लावायच्या. मालेगावच्या बस स्टँडसमोर त्यांचं अर्ज भरून देण्याचं दुकान होतं. बाहेर रांग लागलेली, आत पंखा बंद, गिऱ्हाईक घड्याळ दाखवतंय, आणि ताई फोन कानाला लावून शांतपणे विचारतायत, "तुमीच धाडली ना? काय हाय तिच्यात?" समोरचा नुसतं "हो हो, उघडा" म्हणाला तर त्यांचं समाधान होत नसे. "उघडा मनू नका. काय हाय ते सांगा."

ताई जवळच्याच किन्हीराजा गावच्या, भाजीपाला पिकवणाऱ्या घरातल्या. पहाटे मेथीच्या आणि सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधायच्या, दहा वाजता दुकानाचं शटर वर करायच्या. संगणक शिकल्या तेव्हा मुलगी कॉलेजात होती. चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली, टेबलावर कायम एक जुना संगणक, ज्याला नेटची वायरच नव्हती. लोक हसायचे. ताई म्हणायच्या, "त्याले भायेरची हवा नाई लागत, मनून तो अजून जिता हाय."

मी त्या काळात पत्रकं लिहायचो आणि वाटायचो. दर ओळीत एक सवाल, दर सवालात एक साहेब. ताई मला 'लीडर' म्हणायच्या. त्यात कौतुक कमी आणि चिमटा जास्त असे.

आमची मागणी साधी होती. आठवडी बाजारात नवं शेड झालं होतं, आणि भाजी विकणाऱ्या बायांना त्यात जागा हव्या होत्या. वर्षानुवर्षं त्या रस्त्याच्या कडेला बसत. मोटरसायकली त्यांच्या टोपल्यांना घासून जात. शेड बांधणाऱ्या सरकारी कार्यालयानं शेवटी यादी मागवली, ती शुक्रवारपर्यंत. सोबत एक एक्सेलची फाईल आणि एकच सूचना: 'मॅक्रो सुरू करा.' मॅक्रो म्हणजे फाईलच्या आत लिहून ठेवलेले हुकूम, ते संगणकावर आपोआप कामं करतात, चांगलीही आणि वाईटही, हे सांगायची तसदी कुणी घेतली नाही. बाईचं नाव, आधार, मोबाईल, सगळं त्यात भरायचं, पण आत काय चालतं ते विचारायचं नाही. मला याचा आजही संताप येतो.

ताईंनी संताप केला नाही. त्यांनी कार्यालयातल्या ऑपरेटरला फोन केला. बटणं किती, कोणतं काय करतं, फाईल त्यानंच बनवली का, सगळं विचारलं. मग एक प्रत बाजूला ठेवली, व्हायरसची तपासणी केली. मॅक्रो बंद ठेवून आतले हुकूम उघडून पाहिले. दोन बटणं, दोनच कामं, ऑपरेटरनं सांगितली तीच. तेव्हा कुठं त्यांनी त्या एका फाईलपुरती परवानगी दिली.

"ताई, सेटिंगमध्ये एकदाच सगळ्या फायलींसाठी चालू करून टाका ना," मी म्हणालो. "माझ्या लॅपटॉपवर मी केलंय. कटकट नाही."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. "एक पाहुना येनार, मनून अख्ख्या गल्लीची दारं काढून ठेवतं का बे तू?"

मी हसलो. माझ्या लॅपटॉपचं सेटिंग मात्र तसंच ठेवलं.

बुधवारी आमचा कार्यकर्ता गजानन यानं व्हॉट्सअ‍ॅपवर एक फाईल टाकली. 'सुधारित यादी, हीच भरा.' आमच्याकडं ओळखीच्या माणसानं बसमधून धाडलेलं गाठोडं कुणी सोडून पाहत नाही, तसंच घरात घेतात. मी फाईल तशीच घेतली. माझ्या लॅपटॉपनं काहीच विचारलं नाही. कसं विचारणार, त्याचं तोंड मीच बंद केलं होतं. क्षणभर एक काळी चौकट चमकली आणि गेली. त्याच लॅपटॉपवर एकशे बारा बायांची यादी होती. बटण दाबलं तर काही होईना, म्हणून फाईल पेन ड्राईव्हवर घेऊन ताईंकडं गेलो.

ताईंनी ती जुन्या, बिनवायरीच्या संगणकावर लावली. वर पिवळी पट्टी आली: मॅक्रो बंद आहेत, चालू करू का? मी म्हणालो, "करा चालू." ताईंनी फोन उचलला. ऑपरेटर म्हणाला, दुसरी फाईल पाठवलीच नाही. गजाननला विचारलं. त्याला कुण्या ग्रुपवरून आली होती.

"पण ताई, गजानन आपला माणूस आहे!"

"गजानन आपला हाय. फाईल कोनाची हाय?"

मग मॅक्रो बंदच ठेवून त्यांनी आतले हुकूम काढले. इंग्रजी त्यांना जेमतेम यायचं. पण फाईल उघडताक्षणी आपोआप सुरू होणारा हुकूम त्यांनी ओळखला आणि त्याखाली एका वेबसाईटच्या पत्त्यावर बोट ठेवलं. "आपल्या बाजाराच्या यादीले इंटरनेटवर कायले जा लागते?"

"ताई, मी ही उघडलीय. लॅपटॉपवर."

त्या ओरडल्या नाहीत. "नेट बंद कर त्याचं. आत्ता." मग दुसऱ्या संगणकावरून माझे पासवर्ड बदलायला लावले. लॅपटॉपमधलं सगळं पुसून काढावं लागेल म्हणाल्या. मी विचारलं, यादी खरंच गेली असेल का?

"मालूम नाई. मनून गेली असंच धराचं. उद्या बाजार हाय. बायांले सांगून ये."

"मी?"

"मंग कोन? फोन येतील त्याईले. कोनी ओटीपी मागन, कोनी खातं बंद होते मनन. आदी मालूम पायजे का नाई?"

गुरुवारी मी टोपलीटोपलीपुढं उकिडवा बसून सांगत गेलो. ताई लांब, आपल्या मेथीपाशी बसून होत्या. मदतीला आल्या नाहीत. रुखमाबाई नावाची एक म्हातारी भोपळ्याची फोड कापता कापता थांबली. "तूच मनत होता ना, सायबाले जाब इचारा? आता तुले इचारतो. माया नंबर कोनाच्या हाती देला तू?"

तिनं माझ्या पिशवीकडं बोट दाखवलं; बायांनी नाव-आधार लिहून दिलेले कागद त्यातच होते.

"माया कागद मले वापस दे," ती म्हणाली.

मी दिला. तिच्या पाठोपाठ आणखी बायांनी मागितले. चळवळ संपली असं मला वाटलं. पण त्या बाया कागद घेऊन घरी गेल्या नाहीत, ताईंच्या दुकानात गेल्या. शुक्रवारी दुपारपर्यंत एकेकीनं खुर्चीमागं उभं राहून आपलं नाव टाईप होताना पाहिलं, आकडे मोठ्यानं वाचून घेतले. यादी वेळेत गेली. जागा मिळाल्या.

मी विजयाचं पत्रक काढलं. कार्यालयाची बेपर्वाई, न समजावता दिलेल्या फायली, सगळं ठळक टाईपात. ताईंनी ते दोनदा वाचलं. "सायबाची चूक मोठ्या अक्षरात हाय," त्या म्हणाल्या. "तुई कुटं हाय?"

"जागा नव्हती, ताई."

त्यांनी पत्रकाची घडी केली, परत माझ्या हातात दिली आणि पुढच्या गिऱ्हाईकाला बोलावलं. वाद घालायचा त्यांचा स्वभाव नव्हता. त्यानंतरही मी दुकानात जायचो, त्या चहा पाजायच्या, पण तो विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. मीही काढला नाही. गेल्या हिवाळ्यात दोन दिवसांच्या तापात ताई गेल्या.

एकशे बारा बायांची माहिती मी घालवली. गजाननने नाही, कार्यालयाने नाही. लिहायला जागा तेव्हाही होती.