विश्रामने ओ दिली

दुपारची जेवणं झाली आहेत. रविवार आहे. गौरी, माझी मुलगी, स्वयंपाकघरात ओटा पुसते आहे आणि मी झोपायचं नाही असं ठरवून पलंगावर नुसती पाठ टेकली आहे. वर पंखा सावकाश फिरतो आहे. त्याची कुरकुर आधी मऊ होते, मग लांब जाते, मग ती पंख्याची राहतच नाही. ती पोरांची कुजबुज होते. मी वर्गात उभी आहे.

वर्ग माझाच. चौतीस वर्षं मी कोल्हापुरात मास्तरकी केली, तेव्हा वर्ग स्वप्नात येतो यात नवल नाही. हातात हजेरीपट आहे. मी नावं वाचते, पोरं "हजर" म्हणतात. आपल्याकडे नाव म्हणजे पुरं नाव, मधे बापाचं. रोज सकाळी पन्नास बापांची नावं माझ्या तोंडून जायची, आणि त्यातल्या एकाही पोराने बापाला त्या नावाने हाक मारलेली नसायची.

यादी संपत येते. शेवटचं नाव मी वाचते, "शालन विश्राम कुबल."

हे माझंच नाव, लग्नाआधीचं. मान वर करते तर शेवटच्या बाकावर, गुडघे मावत नाहीत म्हणून पाय बाहेर काढून, माझे वडील बसले आहेत. अंगात खाकी सदरा, मनगटापर्यंत बटणं लावलेला.

"ता हजर आसा," ते म्हणतात. "फुडचा वाच."

"पुढे कुणी नाही, बाबा."

"मगे चल. वर जावया."

त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली. स्वप्नातसुद्धा मला हे पक्कं ठाऊक आहे. भीती वाटत नाही. नदीला पूर आलेला बघताना छातीत काहीतरी रुंद होत जातं, तसं होतं आहे. मी हजेरीपट टेबलावर ठेवते आणि त्यांच्या मागे जाते. ते वर्गाचं दार ढकलतात. पलीकडे शाळेचा व्हरांडा नाही. दीपगृहाचा गोल जिना आहे.

माझे वडील दीपगृहावर होते. किनाऱ्यापासून होडीने दोन तासांवर एक खडक, त्यावर मनोरा, खाली तीन खोल्या. मी अकरा महिन्यांची असताना आई तापाने गेली. आत्या म्हणत होती, पोर माझ्याकडे ठेव, तिथे तीन पुरुषांत ती कशी वाढेल? वडिलांनी ऐकलं नाही. मला टोपलीत घातलं आणि होडीत बसले. त्या खडकावर माझे वडील विश्राम, शिवाय कासम आणि पास्कोल असे तिघं, आणि चौथी मी. तिथे काका-मामा, भाऊ-साहेब असलं काही चालत नसे. वारा असा असायचा की लांबलचक बोलणं पोचायचंच नाही. नाव घ्यायचं आणि मधला स्वर ताणायचा. विश्राऽऽम! काऽऽसम! मी जे ऐकलं तेच शिकले. माझ्या तोंडून निघालेला पहिला शब्द "इश्राम". मी त्याला नावाने हाक मारायची, तू म्हणायची, आणि तो असेल तिथून, वरून, खालून, खडकामागून, "ओ" द्यायचा. बाबा म्हणून काही असतं, हे मला सातव्या वर्षापर्यंत माहीतच नव्हतं.

जिन्याला चुन्याचा आणि ओल्या लोखंडाचा वास आहे. वडील पुढे चढताहेत, त्यांच्या चपलांचा आवाज मनोऱ्यात घुमतो आहे. पहिल्या खिडकीशी ते थांबतात.

"बघ गो," म्हणतात.

मी बाहेर बघते. समुद्र दिसायला हवा, पण दिसतो तो आत्याच्या गावचा धक्का. अगदी जवळ, हात लावता येईल इतका. मासळीच्या टोपल्या घेऊन बायका बसल्या आहेत. होडीतून एक तरुण माणूस उतरतो आहे, रजेवर आलेला. आणि एक सात वर्षांची पोर, शाळेसाठी महिन्याभरापूर्वी आत्याकडे आणून ठेवलेली, फ्रॉक सावरत धावत सुटली आहे. तिचा आवाज खिडकीच्या आत येतो.

"विश्राऽऽम! विश्राम, तू इलस!"

धक्क्यावरच्या बायका हसतात. एक म्हातारा म्हणतो, "बापाक नावान हाक मारता गो ह्या!" आत्या मागून येते आणि सगळ्यांसमोर पोरीच्या थोबाडीत देते. "बापाचं नाव घेतंस? जीभ झडात तुझी!"

पोर रडत नाही. ती त्या तरुण माणसाकडे बघते. तो काहीतरी बोलेल म्हणून बघते. तो खाली वाकून होडीचा दोर बांधू लागतो. दोर आधीच बांधलेला आहे.

त्या दिवसापासून मी त्यांना बाबा म्हणू लागले. तूचं तुम्ही झालं. "तुम्ही जेवलात का बाबा", "तुम्ही कधी निघणार बाबा", एवढंच आमचं बोलणं उरलं, पुढची पंचेचाळीस वर्षं. ते वाईट बाप नव्हते. माझं शिक्षण, माझं लग्न, सगळं त्यांनी नीट केलं. पण मी बाबा म्हटलं की आधी क्षणभर थांबायचे, जणू मी त्यांच्या मागे उभ्या असलेल्या कुणाला तरी बोलावते आहे.

"काही बोलला का नाहीत?" मी खिडकीतून नजर न काढता विचारते. मला वाटलं होतं, हे विचारताना मी ओरडेन. आवाज शांत निघतो.

"माका लोकांची लाज वाटली गो," ते म्हणतात. "तुझी नाय."

"मला काय कळणार तेव्हा, कुणाची ते?"

"नाय कळणार." ते मान हलवतात. "म्हणान आज सांगतंय."

आम्ही चढत राहतो. पायऱ्या संपत नाहीत. दुसऱ्या खिडकीत इस्पितळाचा वॉर्ड आहे. त्यांचा शेवटचा दिवस. कॉटभोवती नातेवाईक, पलीकडच्या कॉटवर आणखी एक म्हातारा, त्याच्या उशाशी त्याची मुलगी. मी वडिलांच्या कानाशी वाकले आहे. परिचारिका सांगते आहे, हाक मारा, कधीकधी ऐकू जातं. खिडकीतली मी हाक मारते आहे. बाबा, बाबा, बाबा, ऐकताय का? दुसरं नाव तेव्हा माझ्या जिभेवर येऊन थांबलं होतं. भोवती दीर होते, नणंद होती, नव्वदीची आत्या व्हीलचेअरमध्ये होती. बावन्न वर्षांची मी, शाळेची मुख्याध्यापिका, मला लाज वाटली. मी ते नाव गिळलं.

"मी ऐकत होतंय," वडील म्हणतात.

"मग डोळे का नाही उघडलेत?"

"थय दोन चेडवां 'बाबा, बाबा' म्हणान रडत होती. एक तू, एक त्या पलीकडच्या म्हाताऱ्याचा. माका वाटला, त्याकाच हाक मारतत."

हसू आणि रडू एकदमच येतं. ते मात्र गंभीर आहेत, चुकीच्या पत्त्यावर गेलेल्या टपालाबद्दल बोलावं तसे.

जिना संपतो. वर भिंगाची खोली आहे. दीपगृह ज्याने पाहिलं नाही त्याला हे भिंग सांगून कळायचं नाही. माणसापेक्षा उंच, काचेच्या कड्यांवर कड्या रचलेला एक घुमट, आत दिवा. पुसायला माणूस आत शिरून उभा राहायचा. दिवसा त्यावर पडदे ओढलेले असायचे, नाहीतर ऊन त्यातून एका जागी येऊन आग लागते. आज पडदे नाहीत. बाहेर भर दुपार आहे आणि अख्खी दुपार त्या काचांत उतरली आहे. भिंतीवर, छतावर, माझ्या हातांवर रंगांचे पट्टे सरकताहेत.

वडील आत शिरतात, फडकं घेतात, आणि मला ते प्रत्येक कडीत दिसू लागतात. कुठे उलटे, कुठे सुलटे, कुठे नखाएवढे, कुठे कमानीएवढे. आणि ते एकसारखे नाहीत. एका काचेत वॉर्डातला म्हातारा आहे. एकीत धक्क्यावरचा तरुण. एकीत नाक वाहणारा, पाटी घेतलेला पोरगा. एकीत एक विशीतला माणूस कुणाकडे तरी बघून इतकं मोकळं हसतो आहे की मी मागे सरते. तसं हसताना मी त्यांना कधीच पाहिलं नाही. ती आई असणार, काचेच्या पलीकडे. कितीतरी जण आहेत. त्यातला एखाद-दुसराच माझा बाप आहे. बाकीचे कुणाचे मुलगे, कुणाचे सोबती, कुणाचा नवरा, काही तर अजून कुणाचेच कुणी नाहीत. आणि सगळ्यांचं नाव एकच आहे.

माझे गुडघे आपोआप टेकतात. देवासमोर मी असे कधी टेकलेले नाहीत.

"भायर ये," आवाज येतो. पण भिंगात आता कुणी नाही. फडकं खाली पडलं आहे.

मी गॅलरीत धावते. वारा असा की पदर तोंडावर येतो. खाली, फार खाली, खडकाला लागलेली होडी सुटते आहे. ते जिना न उतरताच तिथे पोचले आहेत. होडीत आणखीही माणसं आहेत, पाठमोरी, सगळ्यांच्या माना किंचित वाकलेल्या.

"बाबा!" मी ओरडते.

कुणीच वळत नाही. त्या होडीतला प्रत्येक जण कुणाचा ना कुणाचा बाबा आहे.

"बाबा, थांबा!"

वारा ती दोन अक्षरं फुंकरीसारखी उडवून लावतो. होडी पाण्याच्या जाडसर पट्ट्यापलीकडे जाते आहे. माझ्या मागे कुणी नाही हे मला ठाऊक आहे, तरी मी मागे वळून बघते. आत्या नाही. दीर-नणंदा नाहीत. नुसती हवा आहे.

मी कठडा दोन्ही हातांनी धरते. श्वास थेट पोटापर्यंत घेते, कासमने शिकवला होता तसा, आणि मधला स्वर ताणते.

"विश्राऽऽऽम!"

तो सूर छप्पन्न वर्षं माझ्या घशात तसाच्या तसा राहिला होता, हे मला तेव्हा कळतं. तो माझ्यातून निघतो, मनोऱ्याला घासून जातो, पाण्यावर पसरतो. होडीतला एक माणूस उभा राहतो. होडी हेलकावते. तो वळतो. इतक्या लांबून चेहरा दिसत नाही, पण उभं राहण्याची ढब मला पाठ आहे. तो हात वर करतो.

"विश्राम! तू ऐकलंस?"

तू. माझ्या तोंडून तू निघतं आणि मला त्याचं काहीच वाटत नाही.

होडी क्षितिजाशी जाते, ठिपका होते, मग तोही नाही. समुद्र रिकामा. मी उभीच आहे. आणि मग, सगळं संपल्यावर, एवढा पल्ला तोडायला जेवढा वेळ लागला असेल तेवढ्या वेळाने, पाण्यावरून ते येतं. एकच अक्षर. लांब, भरदार, घाई नसलेलं.

"ओऽऽऽ!"

ते मनोऱ्याला येऊन लागतं. कठड्याचं लोखंड माझ्या हाताखाली थरथरतं. मागच्या खोलीत भिंगाच्या सगळ्या काचा एकदम किणकिणतात. आभाळ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत त्या एका अक्षराने भरून जातं, आणि मी त्याच्याखाली सात वर्षांची उभी आहे.

"आई! आई गं!"

गौरी मला हलवते आहे. पंखा फिरतो आहे. खिडकीत ऊन तसंच आहे, जेमतेम वीस मिनिटं झाली असतील. तिच्या हातात अजून ओटा पुसायचं फडकं आहे.

"केवढ्याने ओरडलीस! खालच्या कुलकर्णी वहिनी विचारायला वर आल्यात. कुणाला हाक मारत होतीस?"

मी सांगायला तोंड उघडते. आवाज नाही. फक्त हवा. पुन्हा प्रयत्न करते. घसा आतून सोलल्यासारखा जळतो. गौरी माझ्या ओठांकडे बघत अडखळत वाचते, "वि-श्रा-म?" मग थांबते. "म्हणजे आजोबा? तू आजोबांना विश्राम म्हणायचीस?"

मी मान डोलावते. ती माझ्याशेजारी पलंगावर बसते.

संध्याकाळी डॉक्टर टॉर्च लावून घसा बघतात. एका हाकेने असं होत नाही म्हणतात, बाई, तुम्ही तासन् तास वाऱ्यात ओरडल्यासारखं दिसतंय हे. गौरी सांगते, मी एकदाच ऐकलं. ते खांदे उडवतात, गुळण्या लिहून देतात.

आवाज चौथ्या दिवशी आला. पण आधीचा नाही. जरा जाड, खरखरीत, खालच्या पट्टीतला. तो तसाच राहिला आहे. फोनवर लोक अजून विचारतात, "सर्दी झालीय का?" मी हो म्हणते.