भाकरी थापताना पेशींच्या आत

मुलांनो, तुमची आजी सोलापूरची असून तिला भाकरी येत नव्हती, हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. माझी वर्षं कॉलेजात इंग्रजी शिकवण्यात गेली आणि स्वयंपाकघर वळसंगच्या एका बाईंच्या हाती राहिलं. यंदा त्या मुलाकडे, गावी कायमच्या राहायला निघाल्या. महिना उरला होता. त्या गेल्या तरी त्यांची भाकरी या घरात राहावी, एवढीच माझी इच्छा होती.

मी वही काढली. पीठ किती, गरम पाणी किती, थापा किती, सगळं लिहून घेतलं. थापा बत्तीस. बत्तिसावी थाप झाली आणि उचलताना भाकरी मधोमध फाटली. आठवडाभर तेच. पाणी पुरे झालं हे कसं कळतं, असं विचारलं तर बाई स्वतःच्या हातांकडेच बघत राहिल्या.

"मला सांगता न्हाय येत, अक्का. पर तुमी आकडं मोजता, पिठाकडं बगतच न्हाय की."

तुमच्यातली थोरली मज्जापेशींचा अभ्यास करते. फोनवर तिच्यापाशी कुरकुर केली. ती म्हणाली, शिकताना पेशींमधले जोड बदलतात हे ठाऊक आहे. पण काहींना वाटतं, पेशीच्या आतही काही घडत असावं, नवी प्रथिनं तयार होत असावीत, आणि त्याला वेळ लागतो.

"नक्की कुणालाच माहीत नाही गं आजी. पण तू परात धुऊन ठेवलीस तरी आत काम चालू असेल."

मग दुपारी पडल्या पडल्या मी त्या पेशींमध्ये जाऊ लागले. प्रत्येकीच्या आत एक इवलंसं स्वयंपाकघर, मंद उजेड, आणि कुणीतरी न बोलता पीठ मळत बसलेलं. मी उंबऱ्यावर उभी. कुणी मला आत बोलवत नव्हतं, जा असंही म्हणत नव्हतं. एकदा डोळे उघडले तर बाई दारात हसत होत्या. झोपेत मी चादर थापत होते म्हणे.

त्यांच्या शेवटच्या सकाळी वही कपाटातच राहिली. पीठ बोटांना जरा सैल लागलं, मी चिमूटभर कोरडं घातलं. भाकरी हाताखाली आपली आपण फिरत गेली. तव्यावर टाकली, पाण्याचा हात फिरवला, उलटली आणि ती टम्म फुगली. तीच भाकरी बाईंनी एसटीत खायला फडक्यात बांधून घेतली.

त्या गेल्यावर मी पाण्याचं माप लिहायला वही उघडली. किती घेतलं होतं, ते काही केल्या आठवेना.