पुरावा नसलेली दुपार

माझ्या मामेसासऱ्यांनी, म्हणजे बायकोच्या सख्ख्या मामांनी, आयुष्यात पुराव्याशिवाय मान्य केलेली एकच गोष्ट म्हणजे स्वतःचा जन्म. आणि शाळेतली तारीख ग्रामपंचायतीतल्या तारखेशी जुळत नसल्यामुळे त्याबद्दलही ते आतून साशंकच होते. गोंदिया जिल्ह्यातल्या सौंदडला त्यांची धानाची शेती. आमचं लग्न जुळत असताना ते मला बघायला नागपूरला आले. चहापोहे बाजूला सारून त्यांनी आधी माझा उजवा हात उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं, "ऑफिसात लिखापढी करता म्हनता, तं बोटाले शाई काऊन नाही?" सगळं काम कॉम्प्युटरवर असतं, असं मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी ते ऑफिसात येऊन माझ्यामागे खुर्ची टाकून बसले. जेवणाच्या सुट्टीपर्यंत बसले आणि मग म्हणाले, "काम करते पोरगा. हळू करते, पन करते." या शिफारशीवर माझं लग्न झालं.

त्यांच्या शेजारणीचे गुडघे गोंदियाकडच्याच प्रतापगडच्या यात्रेत नवस फेडल्यावर बरे झाले होते. मामांनी तिला भर उन्हात पुन्हा गडावर नेलं आणि "चाल, चढून दाखव" म्हणाले. ती चढली. मामा मात्र अर्ध्या वाटेवर एका दगडावर बसून राहिले. ती दर्शन घेऊन खाली आली तेव्हा धापा टाकत त्यांनी निकाल दिला, "गुडघे बरे हायेत, हे सिद्ध झालं. कशानं बरे झाले, ते बाकी हाये." मामी याच्या अगदी उलट. देव, भूत, दृष्ट, मांजर आडवं जाणं, यातलं काहीही मामींना वर्ज्य नाही. संसार इतकी वर्षं टिकला तो बहुधा यामुळेच, की घरातल्या प्रत्येक गोष्टीवर दोघांपैकी एकाचा तरी विश्वास असायचा.

अशा माणसाला दोन वर्षांपूर्वी, धान निसवत असताना, म्हणजे लोंब्या बाहेर पडायच्या दिवसांत, भर दुपारी कोणीतरी उचलून नेलं.

झालं असं की मामा बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे धानाच्या शेताच्या बांधावर, डबा घेऊन बसले होते. ऊन मी म्हणत होतं. डबा उघडणार इतक्यात डोळ्यांपुढे पांढराशुभ्र उजेड आला, अंग हलकं झालं, आसपास कोणी उंच, बारीक माणसं उभी आहेत असं वाटलं. नंतर डोळे उघडले तर ते बोडीच्या, म्हणजे शेताजवळच्या छोट्या तलावाच्या, पलीकडच्या काठावर होते. सूर्य कलला होता, डबा अलीकडेच राहिला होता. मामा घरी आले, हातपाय धुतले आणि खाटेवर बसून शांतपणे म्हणाले, "मले कोनीतरी नेलं होतं. अन् परत आनून ठेवलं."

आयुष्यभर सगळ्यावर विश्वास ठेवणाऱ्या मामींनी नेमका इथे हात आखडता घेतला. "तुमाले कोन नेते?" त्या म्हणाल्या. "अन् नेलंच, तं परत कायले आनते?"

मामांना यातला दुसरा मुद्दा बिनतोड वाटला.

गावाला मात्र तो वाटला नाही. संध्याकाळपर्यंत मामांना उडत्या तबकडीने नेल्याचं ठरलं, आणि सकाळी चहाच्या टपरीवर तबकडीचा रंगही ठरला. तिकडे मामा उजाडताच बोडीवर जाऊन चिखल तपासत होते. चिखलात पावलं होती. धुऱ्यापासून काठाकाठाने थेट पलीकडपर्यंत, एका माणसाची, अंगठ्याशी झिजलेल्या चपलेची. मामांनी आपली चप्पल काढून त्या ठशावर ठेवली. तंतोतंत बसली. मग त्यांनी गावातल्या पंधरा-वीस जणांना तिथे नेलं आणि एखाद्या मुरलेल्या वकिलासारखं स्वतःविरुद्धच सगळं प्रकरण मांडलं. लोक हिरमुसले. सौंदडचं नाव टीव्हीवर येता येता राहिलं, आणि आडवे आले ते खुद्द मामा.

तरीही गोंदियाहून मोबाइलवर बातम्या करणारा एक तरुण माइक घेऊन आलाच. त्या वेळी मी तिथे होतो.

"दादाजी, वो लोग कितने लंबे थे?"

"सारस राहते ना, तेवढे."

"मतलब एलियन सारस जैसे दिखते थे?"

"तसं नाही. मी म्हनतो, सारसच असतील. बोडीवर येते त्यायची जोडी. मले चष्मा नोहता."

तरुणाने घाम पुसला. "लेकिन दादाजी, आपको उठाया तो था?"

"मले तसं वाटलं. वाटनं म्हंजे पुरावा नाही. सकाळपासून पोटात अन्न नोहतं, बीपीची गोळी घेतली होती, डोक्यावर ऊन होतं. तू माह्या जागी असता, तं तुले बी नेलं असतं."

त्याने माइक गुंडाळला, मामींनी केलेला चहा घेतला आणि निघून गेला. ती बातमी कधी आलीच नाही.

पुढे मीच मामांना गोंदियाला डॉक्टरकडे नेलं. तपासण्या ठीक निघाल्या. उन्हाने ग्लानी आली असेल, त्या अवस्थेत माणूस चालतो, स्वप्नासारखं काहीबाही बघतो आणि ते त्याला खरंच वाटतं, असं डॉक्टरांनी समजावलं. मामांनी मान डोलावली, उलट चार प्रश्न विचारले आणि बाहेर येताना मला म्हणाले, "मानूस हुशार हाये. बरोबर सांगून राहिला." मला वाटलं, प्रकरण संपलं.

यंदा धान निसवत असताना आम्ही सौंदडला गेलो. दुपार कलली तरी मामा घरात दिसेनात, म्हणून मी शेतावर गेलो. ते त्याच धुऱ्यावर बसले होते. मी शेजारी टेकलो आणि चेष्टेने विचारलं, "काय मामा, वाट बघता का त्यांची?"

ते हसले नाहीत.

"एक गोष्ट कोनाले सांगतली नाही, जवाईबापू," ते म्हणाले. "डॉक्टरले बी नाही. त्या उजेडात कोनीतरी माह्या डोक्यावर हात ठेवला होता. थंड. माय गेल्यापासून तसा हात कोनी ठेवला नोहता. अन् त्यायनं मले काही विचारलं नाही. काहीच नाही."

"मग डॉक्टरांना का नाही सांगितलं?"

"ते म्हनले असते, भास. अन् मले होय म्हनावं लागलं असतं." त्यांनी बोडीकडे पाहिलं. "भासच असन. मी काही नाही म्हनत नाही."

धानावरून वारा गेला. बोडीच्या पाण्यावर मोहाच्या झाडाची लांब सावली पडली होती. मी उठायला लागलो, तसं त्यांनी माझ्या मनगटाला धरून मला परत बसवलं.

"थोडं ऊन उतरू द्या, मंग जाऊ."

ऊन केव्हाच उतरलं होतं. मी पुरावा दाखवला नाही. त्यांच्याशेजारी बसून राहिलो.