मयत राहणार परळ

माणूस परळात राबला, परळातच मेला. त्याचं मृत्युपत्र खरं असल्याचा दाखला, म्हणजे प्रोबेट, कुठल्या कोर्टानं द्यायचा, तुम्हीच सांगा?

गिरगावातल्या वकीलसाहेबांनी आईला आणि मला दारातच उभं ठेवलं. आत खुर्च्या रिकाम्या होत्या. बापानं गिरणीत हाडं झिजवून हिंदमाता सिनेमाजवळ शिलाईचा गाळा घेतला होता. तो मृत्युपत्रात आईच्या नावे लिहिला. बाप गेला आणि काकानं गाळ्याला कुलूप ठोकलं. प्रोबेट मिळाल्याशिवाय ते निघणार नव्हतं.

"कुठले तुम्ही?"

"आमी चिपळूणकडले, साहेब," आई म्हणाली. आमच्या चाळीत कुणीही हेच सांगतं. जन्म मुंबईत गेला तरी विचारल्यावर तोंडात गावच येतं.

"मग रत्नागिरीच्या कोर्टात जा. धर्म बदलून बौद्ध झालात म्हणून लगेच हायकोर्ट हवं? दाराला टेकू नका."

आम्ही बोटीनं रत्नागिरीला गेलो. न्यायाधीशांनी कागद परत केले. मयत मुंबईत राहणारा, मृत्युपत्र मुंबईत झालेलं, गाळा मुंबईत. प्रोबेट मुंबईचं हायकोर्टच देणार. वकिलाला हे ठाऊक नव्हतं? होतं.

परतताना आई एवढंच बोलली, "माझीच जीभ जळली गो. गावाचं नाव कशाला घेतलं मी?"

पुढच्या आठवड्यात दादरला संयुक्त महाराष्ट्राची सभा होती. व्यासपीठावर तेच वकीलसाहेब. "मुंबई कुणाची?"

"आमची!" मैदान गरजलं. आईनं तोंड उघडलं. मिटलं.

सभा संपल्यावर मी त्यांना गाठलं. "साहेब, ह्या 'आमची'त माझी आई धरलीय का?"

"इथं घरची भांडणं काढू नकोस, पोरी."

"माझा बाप ह्याच मुंबईत मेला. अर्ज हायकोर्टातच करणार. तुमच्यावाचून."

केला. काका अजून धमकावतोय. मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सही केलेल्या दोन शेजाऱ्यांपैकी एकजण भिऊन गावी निघून गेला. गाळा मिळेल की नाही, मला माहीत नाही. पण अर्ज मागे घेणार नाही. आई थकली तर मी उभी राहीन.

गिरणगावातल्या भावांनो, बायांनो, शेजाऱ्याच्या मृत्युपत्रावर तुम्ही साक्षीदार म्हणून सही केली असेल, तर त्याची विधवा बोलवेल तेव्हा हायकोर्टात जा. जे डोळ्यांनी पाहिलं, ते तिथं मोठ्यानं सांगा.